गोल्फ-शिक्षकाची सूचना : वर्णन आणि विधी

खेळ शिकविणारा शिक्षक बहुधा आज्ञार्थी वाक्यांत बोलतो. ‘डोके खाली ठेवा’, ‘पकड सैल करा’, ‘घाई करू नका’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या एकाच जातीची आहेत; परंतु त्यांचा अर्थ ठरविणे वाटते तितके सोपे नाही. अशा वाक्यात योग्य हालचालीचे वर्णन असते, की एखादा दोष घालविण्याचा केवळ विधी असतो? गोल्फच्या शिक्षणात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो. या खेळात चेंडू स्थिर असतो आणि विचार करण्यास पुरेसा वेळ मिळतो. मात्र वर नेलेला क्लब खाली येऊन चेंडूवर आदळेपर्यंत जेमतेम पाव सेकंद जातो. एवढ्या अवधीत कोणत्याही सूचनेचे पदशः पालन संभवत नाही. सूचनेने जे साधते ते बहुतांशी पूर्वतयारीतून साधते.

नवशिक्यांत सर्वत्र आढळणारा दोष म्हणजे ‘स्लाइस’. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू यात उजवीकडे वळत जातो. आघाताच्या क्षणी क्लबचे मुख त्याच्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे राहते, त्यामुळे चेंडूला तिरकी फिरकी मिळते. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू साहजिकच डावीकडे रोख धरतो. परिणामी क्लब बाहेरून आत असा अधिकच तिरपा येतो, मुख व मार्ग यांतील कोन वाढतो आणि चेंडू पूर्वीपेक्षाही अधिक वळतो. स्वतः योजलेला उपाय अशा रीतीने रोगच वाढवितो. जाणता शिक्षक म्हणूनच रोखाविषयी बोलण्यापूर्वी पकड पाहतो. डावा हात दांड्यावर किंचित उजवीकडे वळवून धरला म्हणजे आघाताच्या वेळी मुख बंद होण्यास साहाय्य होते.

या दोषाच्या उपपत्तीचा इतिहास उद्बोधक आहे. चेंडू प्रथम क्लबच्या मार्गाच्या दिशेने निघतो व नंतर मुखाच्या दिशेकडे वळतो, असे विसाव्या शतकातील अनेक शिक्षक शिकवीत असत. एकविसाव्या शतकात रडारवर आधारलेली मापनयंत्रे प्रचारात आली, तेव्हा चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः मुखच ठरविते, ही गोष्ट सर्वमान्य झाली. तरीही जुन्या शिक्षकांचे विद्यार्थी सुधारत होते, हे नाकारता येत नाही. पकडीविषयीची त्यांची सूचना मुखाचा कोन खरोखरच बदलीत होती. वर्णन चुकीचे, पण विधी गुणकारी, असा हा प्रकार होता.

याच्या उलट प्रकारही आढळतो. क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो आणि चेंडू जमिनीलगत घरंगळत जातो. पाहणारे लगेच म्हणतात, ‘डोके वर केले.’ हे निरीक्षण पुष्कळदा खरेही असते. परंतु डोके वर येणे हे कारण नसून कार्य असते. चेंडू आपण उचलला पाहिजे अशा समजुतीने खेळाडू भार उजव्या पायावर ठेवतो आणि कण्यासह वर उठतो. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या मुखाला दिलेला कलच करीत असतो. अशा खेळाडूस ‘डोके खाली’ असे बजावले, तर तो मान ताठ करतो, शरीराचे वळणे थांबते आणि दोष तसाच राहतो. वर्णन खरे, पण विधी निष्फळ!

टेक्सासमधील ऑस्टिन येथे दीर्घकाळ शिकविणारे हार्वी पेनिक (१९०४–१९९५) अशा प्रसंगी अवयवांची नावे टाळून वस्तू दाखवीत. गवत कापण्याचे लांब दांड्याचे हत्यार झुलविणे, किंवा जमिनीत रोवलेली रिकामी टी उडविणे, असे अभ्यास त्यांनी सुचविले आहेत. या पद्धतीस पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला. गाब्रिएले वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवशिक्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले.

ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू हलकेच ढकलण्याच्या क्रियेस पटिंग म्हणतात. येथे बळ थोडे लागते, पण चुकीला जागा त्याहूनही थोडी असते. छिद्राचा व्यास सव्वाचार इंच असतो. दहा फुटांवरून मारताना चेंडू एका अंशाने चुकीच्या दिशेने निघाला, तर तो छिद्राच्या मध्यापासून सुमारे दोन इंच बाजूला, म्हणजे जवळजवळ काठावर पोचतो. फटका लागण्यापूर्वीच मान वळवून चेंडूकडे पाहिल्यास खांदे फिरतात आणि मुखाचा कोन बिघडतो. ‘पाहू नका’ असे सांगण्याने ज्या क्रियेपासून परावृत्त करायचे तीच मनात उभी राहते. ‘चेंडू छिद्रात पडल्याचा आवाज ऐका’ असे सांगितले, तर निषेध न करताही तेच साधते. अंतर चुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे क्लब लांब मागे नेऊन ऐन आघाताच्या वेळी हात आखडणे. त्यावर ‘जोर कमी करा’ हा उपाय नव्हे; मागचा झोका आखूड घेऊन पुढचा निःशंकपणे पुरा करणे हा होय.

सूचनेचा अर्थ श्रोत्यावरही अवलंबून असतो. बेन होगन यांचे १९५७ सालचे ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक आजही वाचले जाते. होगन यांचा स्वतःचा दोष मात्र डावीकडे वळणाऱ्या ‘हुक’चा होता, आणि त्यांनी पुरस्कारिलेली डाव्या हाताची पकड मुख बंद होण्यास आळा घालणारी आहे. स्लाइसने त्रस्त असलेल्या वाचकाने ती जशीच्या तशी उचलली, तर त्याचा त्रास वाढण्याचाच संभव अधिक. पेनिक यांना ही मर्यादा ठाऊक होती. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघेही त्यांचे शिष्य. परंतु एकाचा पाठ दुसऱ्याने पाहू नये, असा त्यांचा दंडक होता.

तात्पर्य ठरविताना वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी उच्चारले हे पाहावे लागते, हा अर्थविचारातील परिचित सिद्धान्त आहे. क्रीडाशिक्षणात त्याची उपेक्षा केवळ सैद्धान्तिक राहत नाही. एका दोषावरची सूचना सर्वांसाठी नियम म्हणून छापली जाते आणि एखादा कष्टाळू विद्यार्थी वर्षानुवर्षे इमानाने स्वतःचाच दोष दृढ करीत राहतो. म्हणून सूचना देणाऱ्याने प्रथम चेंडूचा मार्ग पाहावा, मग कारण शोधावे, आणि शब्द सर्वांत शेवटी निवडावा.