विचारणे, मागणे आणि ‘आस्क’

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘आस्क’ हे क्रियापद पहिल्या काही धड्यांतच भेटते, आणि ‘आस्क म्हणजे विचारणे’ एवढे मुखोद्गत झाले की त्याचा हिशेब चुकता झाला असे समजून तो पुढे जातो. परंतु ज्या क्रियापदाने इंग्रज माणूस वाट विचारतो, मदत मागतो, स्नेह्याला जेवावयास बोलावतो आणि विकावयास काढलेल्या घराची किंमतही सांगतो, त्याचा संसार एका मराठी प्रतिशब्दात मावण्याजोगा नाही.

या शब्दाचे कुळ पुरातन आहे. प्राचीन इंग्रजीत ‘आस्कियन’ या रूपाच्या जोडीला वर्णविपर्ययाने सिद्ध झालेले ‘आक्सियन’ हेही रूप रूढ होते, आणि आज कॅरिबियन बेटांतील किंवा अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या तोंडी ‘आक्स’ ऐकून जे नाक मुरडतात त्यांना हे ठाऊक नसते, की चौदाव्या शतकातील चॉसरच्या काव्यात आणि १५३५ मध्ये कव्हरडेलने छापविलेल्या बायबलातही हेच रूप सन्मानाने वावरत होते. भाषाशास्त्रज्ञ ‘आस्क’चा संबंध आपल्या ‘इच्छा’ शब्दातील ‘इष्’ धातूशी जोडतात, तर ‘पृच्छा’ ज्या ‘प्रच्छ्’ धातूपासून आली त्याचा लॅटिन भाऊबंद पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणे, असा झाला. आपले ‘मागणे’ हेसुद्धा ‘मार्ग्’, म्हणजे शोधणे, या धातूपासून आले आहे; तेव्हा शोध, इच्छा, प्रश्न आणि याचना यांची मुळे किती जवळजवळ रुजलेली आहेत हे पाहून अभ्यासकाचे मन प्रसन्न झाल्यावाचून राहत नाही.

१०६६ मध्ये नॉर्मन सरदारांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार व न्यायासने यांची भाषा फ्रेंच झाली. विद्येची व धर्मपीठाची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे एकाच कृतीला घरचा ‘आस्क’, फ्रेंचमधून आलेला ‘क्वेश्चन’ आणि लॅटिन वळणाचा ‘इंटरॉगेट’ असे तीन शब्द मिळाले. मूल आईला ‘आस्क’ करते. वर्तमानपत्राचा प्रतिनिधी मंत्र्याला ‘क्वेश्चन’ करतो. पोलीस अंमलदार संशयिताला ‘इंटरॉगेट’ करतो. मराठी वाचकाला हे समजावयास अवघड जाऊ नये, कारण बहामनी व आदिलशाही अमदानीपासून आपल्या भाषेवरही असेच थर चढलेले आहेत: आपण घरी ‘विचारतो’, सभेत ‘पृच्छा’ करतो, आणि कचेरीत ‘सवाल’, ‘जबाब’, ‘अर्ज’, ‘दरखास्त’ यांच्यावाचून आपले पान हलत नाही. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले खरे, तथापि फारसी शब्द हद्दपार झाले नाहीत. दोन्ही कुळे नांदली, आणि माझ्या मते मराठी त्यामुळे श्रीमंतच झाली.

पीटर मार्क रोजे या वैद्याने १८५२ मध्ये लंडनात प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्द अर्थवर्गांनुसार एकत्र बसविले. परंतु शेजारी बसलेले शब्द परस्परांच्या जागी चालतात असा ग्रह त्यावरून करून घेऊ नये. परकी भाषा शिकणाऱ्याला जॉर्ज क्रॅबने १८१६ मध्ये केला तसा, समानार्थी शब्दांतील भेद उलगडणारा प्रयत्नच अधिक उपकारक ठरतो, कारण विचारणारा कोण, ज्याला विचारले तो कोण, आणि नकार देण्याची मुभा त्याला कितपत आहे, यावर शब्दाची निवड अवलंबून असते. ‘रिक्वेस्ट’मध्ये अदब आहे, ‘बेग’मध्ये काकुळत आहे, ‘डिमांड’मध्ये सावकाराच्या तगाद्याची धार आहे, जरी ज्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला त्याचा फ्रान्समध्ये अर्थ साधे ‘विचारणे’ किंवा ‘मागणे’ एवढाच आहे.

आता नित्याच्या व्यवहाराविषयी. मराठीत ‘त्याला विचार’ म्हणताना जो ‘ला’ प्रत्यय लागतो, त्याची छाया इंग्रजीवर पडून आपल्याकडे ‘आस्क टू हिम’ असे सर्रास म्हटले जाते. ‘आस्क हिम’ एवढेच पुरे. ‘फॉर’ जोडला की विचारण्याचे मागणे होते: ‘आस्क द प्राइस’ म्हणजे भाव विचारणे, ‘आस्क फॉर अ डिस्काउंट’ म्हणजे सूट मागणे. ‘आफ्टर’ जोडला की एखाद्याच्या ख्यालीखुशालीची विचारपूस होते. ‘रिक्वेस्ट’ची गोष्ट निराळी: तो नाम असताना ‘फॉर’ घेतो, क्रियापद असताना घेत नाही, आणि कचेऱ्यांतील अर्जांत नेमकी हीच गफलत वारंवार आढळते. वर्गात ‘शंका विचारणे’ या मराठी प्रयोगाच्या धर्तीवर मुले ‘आस्क अ डाउट’ म्हणतात. ते भारतभर कळते, परंतु इंग्लंडातील शिक्षकाला बुचकळ्यात टाकते, कारण त्याच्या लेखी ‘डाउट’ म्हणजे अविश्वास किंवा अनिश्चितता, आणि ती बाळगली जाते, विचारली जात नाही. तेथे ‘आस्क अ क्वेश्चन’ म्हणावे. अपरिचिताशी बोलताना मात्र इंग्रज नुसत्या ‘आस्क’वरही थांबत नाही, आपण ‘जरा विचारू का?’ असे म्हणून जी वाट काढतो, ती तो ‘मे आय आस्क’ किंवा ‘कुड आय आस्क’ या शब्दांनी काढतो, आणि मगच मूळ प्रश्नाला हात घालतो.