सुतार पक्ष्याची छिद्रे आणि झाडाचा पोखरलेला गाभा

आंब्याच्या खोडावर सुतार पक्ष्याने पाडलेली छिद्रे दिसली की त्यानेच झाड नासवले असा समज सहज होतो. परंतु बहुधा बिघाड आधीचा असतो आणि चोच नंतर पोहोचते. भिरूड, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्याची लाकूड पोखरणारी अळी, खोडात बोगदे करते व भुसा बाहेर ढकलते, आणि गावालगतच्या राया-बागांतही वावरणारा सोनपाठी सुतार अशाच अळ्यांच्या शोधात साल उचकटतो, तेव्हा उथळ व वेडीवाकडी भोके उमटतात.

घरट्यासाठी कोरलेली ढोली मात्र वेगळी असते: तोंड गोल, आत शिरून खाली वळलेली. तुटलेल्या फांदीच्या जखमेतून शिरलेली बुरशी मधले लाकूड मऊ करते, यालाच गाभा कुजणे म्हणतात, आणि पक्षी प्रायः असाच भाग निवडतो. (तांबूस सुतार याला विलक्षण अपवाद असून तो झाडावरच्या मुंग्यांच्या वारुळात घरटे कोरतो.)

तथापि छिद्र दिसताच कुऱ्हाड चालवणे अन्यायाचे ठरते, कारण पाणी वाहून नेणारे लाकूड बाहेरच्या थरांत असल्याने गाभा कुजलेले झाडही दीर्घकाळ जगू शकते, आणि सोडून दिलेल्या ढोलीत पोपट, मैना, पिंगळे वीण करतात. बुंध्याशी ताजा भुसा, खोडावर टणक छत्रीसारखी बुरशी किंवा शेंड्याची वाळ दिसल्यास मात्र, विशेषतः रस्त्याकडेच्या झाडाची, जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.