बायपासनंतर पलंग सोडायचा कधी?

बायपास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट अतिदक्षता विभागात येतात आणि म्हणतात, ‘चला काका, खुर्चीत बसायचंय.’ त्या वेळी काकांपेक्षा काचेबाहेर उभे असलेले नातेवाईक जास्त घाबरतात. छातीचे हाड मधोमध कापून पुन्हा तारांनी बांधले आहे, नळ्या अजून निघालेल्या नाहीत, पायाची शीर काढलेल्या जागी टाके आहेत आणि यांना बसवायचे? रक्तदाब, नाडी आणि श्वास स्थिर असतील तर बसवायचेच. उशीर केल्याने हृदयाला विश्रांती मिळत नाही, शरीर मात्र झपाट्याने दुबळे होते.

वैद्यकशास्त्राला हे कळायलाही बराच काळ लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे पलंगावरच ठेवत. जेवण भरवायचे, कूसही दुसऱ्यानेच बदलायची. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवून पाहिले आणि त्यांचे बिघडले नाही, उलट बरे चालले, असे लिहिले. केवढे साधे पाऊल, पण तेव्हा ते धाडसाचे होते. पुढे १९६६ मध्ये डॅलसला पाच धडधाकट, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले. तेवढ्यात त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते एवढे नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते, असे दिसले. विशीतल्या निरोगी मुलांची ही गत, तर पासष्टीच्या मधुमेही माणसाचे काय होईल, याचा अंदाज करता येतो.

बायपासनंतर सर्वांत आधी अडचणीत येते ते फुप्फुस. भूल, छातीतले दुखणे आणि आडवे पडून राहणे यामुळे श्वास उथळ होतो. फुप्फुसाचा खालचा भाग, विशेषतः डावीकडचा, नीट फुलत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणूनच हातात तीन रंगीत चेंडूंचे ते प्लास्टिकचे उपकरण दिले जाते. ते ओढून चेंडू वर न्यायचे असतात, फुंकून नव्हे. बरेच जण उलटे करतात. खोकताना उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरायचा. ‘टाके तुटतील’ म्हणून खोकला दाबायचा नाही. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या थोडी आधी घ्यावी. पण कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नये. बायपासनंतर ही औषधे धोक्याची आहेत.

सगळे सुरळीत असेल तर क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणे आणि खुर्ची, दुसऱ्या दिवशी खोलीत चार पावले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉरिडॉर आणि घरी सोडण्यापूर्वी एक जिना. याच दिवसांत काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. तसे झाले तर एखादा दिवस मागे-पुढे होतो, एवढेच.

रुग्णालयातले पाच-सात दिवस असे कोणीतरी मागे लागून करवून घेतलेले असतात. खरी गाठ पडते ती घरी आल्यावर. शनिवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत तर पहिला प्रश्न दारातच उभा असतो. जे वाडे अजून टिकून आहेत, त्यांचे लाकडी जिने उभे, अरुंद, अंधारे. धरायला अनेकदा दोर. छाती उघडलेल्या माणसाने त्या दोराला लोंबकळून वर जायचे नसते. हाडाला सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरती ताकद यायला तीन महिने. तोवर हात तोल सांभाळण्यापुरता भिंतीला किंवा कठड्याला लावायचा, अंग पायांनी उचलायचे, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी. पहिल्या आठवड्यांत दिवसातून एक-दोनदाच चढ-उतार होईल असे बेत आखावेत. संडास खाली चौकात असेल, तर कमोडची खुर्ची भाड्याने आणलेली बरी. हे सगळे डिस्चार्जच्या आधीच फिजिओथेरपिस्टला सांगावे: ‘आमच्याकडे इतक्या पायऱ्या आहेत, उभ्या आहेत.’ मग सराव त्याच बेताने करवून घेता येतो. रुग्णालयाच्या रुंद, कठडे असलेल्या जिन्यावर चढता आले म्हणजे वाड्याचा जिना जमलाच असे नाही.

घरात शिरल्यावर पुढचा अडथळा मायेचा. ‘बाबा, तुम्ही उठू नका, मी देते.’ पाणी हातात, पेपर हातात, औषध हातात. भेटायला येणाऱ्यांची रीघ, त्यांच्यासमोर बसून बसून पाठ मोडते आणि चालायचे राहून जाते. शिवाय ‘ताकद यावी’ म्हणून साजूक तुपातला शिरा. बाबांना दोन किलोहून जड काही उचलू देऊ नये, हे बरोबर. पण स्वतःचा पेला त्यांनी स्वतः उठून घ्यावा.

बाईवर बायपास झाली असेल तर गाडे नेमके उलट्या दिशेला जाते. आठवडा-पंधरवडा होतो न होतो तोच ती ओट्याशी उभी असते, आणि घरचेही म्हणतात, ‘आई आता छान हिंडते-फिरते.’ कणीक तिंबणे, भरलेला कुकर उचलणे, धुण्याची बादली ओढणे हा व्यायाम नव्हे. त्यात जोर थेट छातीच्या हाडावर येतो आणि हृदयाला हवा असलेला सलग, संथ श्रम मिळतच नाही. वरचे काम दोन-तीन महिने दुसऱ्याने करावे आणि तिने रोज ठरावीक वेळी चालायला जावे, असे घरात बसून ठरवावे लागते. आपोआप ते होत नाही. स्तनांच्या वजनाने जखमेवर ताण येतो, म्हणून पुढून बंद होणारी, आधार देणारी ब्रा वापरायला सांगतात. संकोचामुळे ही साधी गोष्ट कित्येकींपर्यंत पोहोचतच नाही. पुनर्वसनाच्या सत्रांना येणाऱ्यांत बायका कमी असतात, हे जगभर दिसलेले आहे.

चालायचे किती? सुरुवातीला सपाटीवर पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. घरातल्या घरात, वाड्याच्या चौकात किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये चालेल. रोज मिनिट-दोन मिनिटे वाढवत चार ते सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत पोहोचायचे. मग गल्लीतून ओंकारेश्वर, वर्तक बाग असा फेरा करता येतो. पहाटे किंवा संध्याकाळी, आणि दुचाकींची गर्दी टाळून. वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाच धाप लागत असेल तर वेग जास्त. बीटा ब्लॉकर गटाच्या गोळ्या चालू असतील तर नाडी कमीच राहते, म्हणून मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यापेक्षा ही कसोटी भरवशाची.

शिस्तीत, देखरेखीखाली केलेल्या हृदय पुनर्वसनाचा हिशेब आता पक्का आहे. ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र तपासणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात भरती होणे, दोन्ही कमी झाल्याचे दिसले. तरीही आपल्याकडे शस्त्रक्रियेची चौकशी दहा ठिकाणी होते, पुनर्वसनाची एकाही ठिकाणी नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे बायपास अनेकांच्या आवाक्यात आली, हे मोठेच काम झाले. पण त्यानंतरचे तीन महिने बहुतेकांना स्वतःच्या हिमतीवर काढावे लागतात.

योगाचे काय, असे पुण्यात कोणीतरी विचारतेच. झटका येऊन गेलेल्या जवळपास चार हजार रुग्णांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका कमी होतो, हे त्यात सिद्ध झाले नाही. रुग्णांना स्वतःला अधिक बरे वाटले आणि ते आधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. चाचणी बायपासच्या रुग्णांची नव्हती, हेही लक्षात ठेवावे. श्वसन आणि सावकाश हालचाली डॉक्टरांना विचारून सुरू करता येतात. सूर्यनमस्कार आणि भुजंगासन मात्र हाड भरेपर्यंत नाही.

चालताना छातीत दुखले, चक्कर आली, ठोके धडधडून अनियमित झाले तर थांबायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. थांबूनही दुखणे थांबले नाही तर सरळ १०८. छातीचे हाड ‘कटकट’ वाजणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे, पिंढरी सुजून दुखणे यांचीही वाट पाहायची नसते. आणखी एक लक्षण घरच्यांच्या नजरेतून निसटते. एरवी बोलका माणूस गप्प होतो, रडू येते, चालायला ‘उद्या जाऊ’ म्हणतो. बायपासनंतर नैराश्य बऱ्याच जणांना येते, त्यावर उपचार आहेत आणि ते घेतल्याशिवाय व्यायामाचे गाडे पुढे सरकत नाही.

राहतात दोन प्रश्न, जे तपासणीच्या खोलीत शेवटी, दार उघडता उघडता विचारले जातात किंवा विचारलेच जात नाहीत. एक दुचाकीचा: पुण्याच्या रस्त्यांवरचे खड्डे आणि अचानक दाबावे लागणारे ब्रेक पाहता तीन महिने थांबावे, मागे बसायचीही घाई नको. दुसरा पती-पत्नीच्या संबंधांचा: न थांबता, न धापता दोन जिने चढता आले तर हृदय तेवढा श्रम सोसते, फक्त छातीवर आणि हातांवर भार येणार नाही असे पाहावे.