पाहुण्यांना काय दाखवायचे?

मे महिना जवळ आला की रत्नागिरीतल्या घराघरांत दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक आंब्याच्या पेट्यांचा आणि दुसरा पाहुण्यांचा. पूर्वी मुंबईहून यायचे म्हणजे रात्रभर एस.टी.त अंग आंबवून घ्यावे लागे. १९९८ साली कोकण रेल्वे सलग धावू लागली आणि पाहुण्यांचे येणे सोपे झाले. त्यांना चार दिवस ठेवून घेणे मात्र वर्षागणिक अवघड होत चालले आहे.

अडचण जेवणाची नाही. भाताचे आधण वाढवता येते, फणस दारचाच असतो आणि गाद्या कमी पडल्या तर पडवीत चटया पसरता येतात. अडचण उभी राहते ती सकाळचा दुसरा चहा झाल्यावर, "मग आज कुठे जायचं?" या प्रश्नाने. पाहुणे मोबाइलवर पाहून यादीच घेऊन आलेले असतात. गणपतीपुळे, जयगड, पावस, आणि सगळे एकाच दिवसात! म्हणजे भाड्याची गाडी आली, बाहेरचे जेवण आले. पैसे पाहुण्याला देऊ द्यावेत तर यजमानाची मान खाली जाते. आपण द्यावेत तर महिन्याच्या किराण्याला कात्री लागते. मग हळूहळू "यंदा आमच्याकडे रंगकाम काढलंय" असे फोनवर सांगणारी घरे वाढतात. सख्खा भाचा लॉजवर उतरतो आणि परतताना तासभर भेटून जातो. दोन्हीकडे सुटल्यासारखे वाटते, आणि दोन्हीकडे चुटपुटही लागते. चुलत-मामे भावंडांची ओळख मग लग्नातल्या फोटोपुरती उरते.

एवढी किंमत मोजण्याचे खरे तर काही कारण नाही. आमच्या घरी पाहुणे आले की आम्ही गाडीवाल्याला नव्हे, भिंतीवरच्या कालनिर्णयाला विचारतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक साधा आडाखा आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करावी. भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला समुद्र दूर गेलेला असतो. त्या दिवशी पोरांना भाट्याच्या पुळणीवर मोकळे सोडावे. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी वर आलेले असते. त्या दिवशी मांडवीच्या जेट्टीवर बसून सूर्यास्त पाहावा, सोबत भेळेची पुडी असावी. एकदा हा हिशेब कळला की मुंबईची मुलेच दुसऱ्या दिवशी विचारतात, "मामा, आज तिथी कोणती?"

एक सकाळ गावासाठी ठेवावी. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ रोजी ते इथे जन्मले. कौलारू छप्पर, अंगण, बेताच्या खोल्या. पाठ्यपुस्तकातला पगडीवाला माणूस कधी काळी अशा अंगणात रांगत असेल, हे मुलांना इथे आल्यावरच पटते. तिथून पतितपावन मंदिराकडे वळावे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली हे मंदिर उभे राहिले, ते अस्पृश्यांसह सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असावा म्हणून. ही गोष्ट देवळाच्या पायरीवर बसून सांगावी. पोरे प्रश्न विचारतात, आणि काही प्रश्नांची उत्तरे मोठ्यांनाही देता येत नाहीत. तेही बरेच.

संध्याकाळी थिबा राजवाडा. रत्नागिरीत सर्वांत लांब मुक्काम केलेला पाहुणा म्हणजे हा ब्रह्मदेशाचा राजा, आणि तोही बिचारा मनाविरुद्ध आलेला. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला राणीसह इथे आणून ठेवले. हा वाडा बांधून झाला तेव्हा त्याची वीस-पंचवीस वर्षे इथेच सरली होती. १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. त्याची कबरही इथेच आहे. २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत दिसतो.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत रत्नदुर्ग गाठावा. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचे देऊळ, टोकाला दीपगृह. तटावरून एका अंगाला काळ्या वाळूची मांडवी दिसते आणि दुसऱ्या अंगाला आम्ही ज्याला पांढरा समुद्र म्हणतो तो किनारा. वाळू काळी का, असे मुले विचारणारच. या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइट नावाचे काळे जड खनिज मिसळलेले आहे. मूठभर वाळू घरी नेऊन लोहचुंबक फिरवून पाहा म्हणावे. दुपार त्यात जाते. गडाखालच्या मिरकरवाडा बंदरावर नौका लागलेल्या असल्या की मासळीचा लिलाव पाहावा. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद असते, तेव्हा तिथे नौकाच विसावलेल्या दिसतील. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा ही बच्चेकंपनीची हमखास जागा.

गणपतीपुळे टाळा असे मी म्हणत नाही. पण आरे-वारेवरून जाणारी एस.टी. विचारून घ्यावी आणि जाताना डाव्या हाताची खिडकी पकडावी. त्या रस्त्यावरून दिसणारा समुद्र गाडीवाल्याला जेवढा दिसतो तेवढाच एस.टी.वाल्यालाही दिसतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. पुळ्याला देवाचे दर्शन घेऊन डोंगराला प्रदक्षिणा घालावी आणि तसेच मालगुंडला जावे. तिथे १८६६ साली केशवसुत जन्मले. त्यांच्या जन्मघराचे जतन करून उभारलेले स्मारक १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले. एकच बजावतो, पुळ्याच्या पाण्यात पोहण्याचे धाडस नको. किनारा एकदम खोल होतो, ओढही जबर असते. इथे बुडालेल्यांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, आणि त्यात बहुतेक नावे बाहेरगावची असतात. पाहुण्याला हे सांगणे हाही पाहुणचारच आहे.

यावर कुणी म्हणेल, "अहो, मे महिन्याच्या उन्हात पाहुण्यांना एस.टी.ने हिंडवता? बरं दिसतं का ते?" ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी रिक्षा जरूर करावी, काटकसर म्हणजे छळ नव्हे. आणि बारा ते चार या वेळेत कोकणातला शहाणा माणूस बाहेर पडतच नाही. ती वेळ फणस कापण्याची, हाताला खोबरेल लावून गरे काढण्याची, पत्त्यांची आणि झोपेची. मुंबईच्या माणसाला दुपारची झोप हेच एक प्रेक्षणीय स्थळ असते!

भाड्याच्या गाडीतून पाहुणे दिवसात पाच ठिकाणे पाहतात आणि आपण घरी त्यांची वाट पाहतो. चालत, एस.टी.ने गेलो तर दोनच ठिकाणे होतात, पण ती आपण बरोबर पाहतो. शिवाय पाहुण्यांच्या निमित्ताने आपलेही पाय तिकडे वळतात. रत्नागिरीत जन्म गेला तरी थिबा राजवाड्याची पायरी न चढलेली माणसे माझ्या ओळखीत डझनभर तरी निघतील.

तेव्हा यंदा फोन आला तर रंगकामाचे निमित्त काढू नका. "या, पण पायात चालायच्या चपला घालून या," एवढेच सांगा. आणि कालनिर्णयात तिथी पाहून ठेवा.