ओळखपत्र घेतलंत ना?

ऑगस्ट २०२१ मध्ये डोंबिवली, कल्याण आणि ठाणे स्थानकांवर पालिकेचे कर्मचारी टेबलं मांडून बसले होते. लशीचे दोन डोस घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांनाच १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळणार होता. आधी टेबलावर लशीचं प्रमाणपत्र आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, कागदावर शिक्का घ्यायचा, मग तिकीट खिडकीच्या रांगेत उभं राहायचं. त्याच्या वर्षभर आधी, १५ जून २०२० रोजी लोकल पुन्हा सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे पुन्हा ओळखपत्रावरच. रोज डोळे मिटून गाडी पकडणाऱ्या या शहरांना प्रवास आणि ओळखपत्र यांचं नातं तेव्हा पहिल्यांदा एवढ्या जवळून कळलं.

ते निर्बंध गेले. आता लोकलला तिकीट किंवा पास पुरतो, मात्र पासवर ओळखपत्राचा क्रमांक असावा लागतो. खरा घोळ होतो तो लांबच्या प्रवासाला निघताना. गणपतीला कोकणात जाणारं कुटुंब ठाण्याला गाडीत चढतं, तिकीट मोबाइलवर असतं, आणि टीसी ओळखपत्र मागतो तेव्हा पिशव्या उघडल्या जातात. १ डिसेंबर २०१२ पासून सर्व आरक्षित वर्गांना हा नियम लागू आहे. एका तिकिटावर सहा जण असले तरी त्यांपैकी एकाचं मूळ ओळखपत्र चालतं. पण कोणाकडेच नसेल, तर सगळ्यांना विनातिकीट धरून दंड होतो. तिकिटाचे पैसे भरलेत, हे त्या वेळी ऐकलं जात नाही.

पुष्कळांचा समज असतो की प्रवासाला आधारच लागतं. तसं नाही. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना, मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुक, यांतलं काहीही रेल्वेत चालतं. म्हणजे एमएच ०४ किंवा एमएच ०५ गाड्यांचा ठाणे-कल्याणकर ज्या परवान्यावर रोज स्कूटर चालवतो, तोच परवाना त्याला थेट मडगावपर्यंत पुरतो. चालत नाही तो मोबाइलमधल्या गॅलरीत ठेवलेला कार्डाचा फोटो. डिजिलॉकरमधलं आधार आणि वाहन परवाना रेल्वेने २०१८ पासून मान्य केले आहेत, पण ते ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ या भागात हवेत. आपणच स्कॅन करून चढवलेला कागद डिजिलॉकरमध्ये असला तरी तो पुरावा होत नाही. घरातल्या जाणत्या मुलामुलीने आजी-आजोबांच्या फोनमध्ये हा फरक एकदा तपासून द्यावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आधार अडतं ते गाडीत नव्हे, तिकीट काढताना. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तात्काळ तिकीट काढायचं तर खातं आधारने पडताळलेलं असणं सक्तीचं आहे. एसी वर्गाचं तात्काळ सकाळी दहाला उघडतं, बिगर-एसीचं अकराला. दोन्हींत पहिला अर्धा तास दलालांना बंदी आहे. खिडकीवरच्या तात्काळलाही फोनवर ओटीपी येण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर साध्या आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटंही आधार जोडलेल्या खात्यांसाठीच राखली गेली. दलालांची मुजोरी मोडायला हे योग्यच झालं. पण याचा भार पडला तो नेमका ज्यांचा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद झाला आहे, त्यांच्यावर. ओटीपी जातो जुन्या नंबरवर आणि गाडी मिनिटात भरते. अशांनी सुट्टीच्या हंगामाची वाट न पाहता आधार केंद्र गाठावं. नंबर बदलायला कोणताही कागद लागत नाही, बोटांचे ठसे पुरतात. मोठ्या टपाल कार्यालयांत आणि काही बँकांत ही केंद्रं आहेत. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते, हे केंद्रावर स्पष्ट सांगावं.

या कार्डाची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हा कोणी त्याचा संबंध रेल्वेच्या तिकिटाशी जोडला नव्हता.

सगळ्यात चिवट अडचण नावाची आहे, आणि ती मराठी घरांत जास्त जाणवते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. दत्तात्रय हे नाव इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावूनही लिहितात आणि न लावताही. लग्नानंतर बाईंचं आधार सासरच्या नावाने होतं, पॅन माहेरच्याच नावाने राहतं, आणि कधीकधी पहिलं नावही बदललेलं असतं. आयआरसीटीसीच्या खात्यातलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं नाही तर पडताळणी अडते. विमानतळावर तिकिटावरचं नाव आणि हातातलं कार्ड यांची गाठ सीआयएसएफच्या जवानासमोर पडते. म्हणून विमानाचं तिकीट ज्या कार्डावर प्रवास करायचा त्याच्यावरचं नाव समोर ठेवून काढावं. नाव कायमचं सरळ करायचं असेल तर पालिकेकडून मिळणारं विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा भक्कम आधार आहे. पहिलं नावही बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नोंद करून घ्यावी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. तेव्हा घाईने बदल करण्यापेक्षा सगळी कार्डं एकत्र मांडून कोणतं नाव धरायचं ते आधी घरात ठरवावं.

विमानतळावर चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीत सुरू झाली, पुढे मुंबई-पुण्यातही आली. ती ऐच्छिक आहे. ज्याला नको त्याने कार्ड दाखवून नेहमीच्या रांगेतून जावं.

देशातल्या देशात फिरतानाही कार्ड अपुरं पडतं अशी राज्यं आहेत. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला जायचं तर इनर लाइन परमिट काढावं लागतं. त्याचं मूळ १८७३ च्या इंग्रजी काळातल्या कायद्यात आहे. डोंबिवलीतून सहलीला निघणाऱ्या गटांनी हे हॉटेलच्या आधी बघावं. न्यू जर्सीत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना वेगळीच शंका पडते. अमेरिकेने २००५ चा रिअल आयडी कायदा ७ मे २०२५ पासून विमानतळांवर अमलात आणला. तिथे आता ताऱ्याचं चिन्ह असलेला वाहन परवाना मागतात. पाहुण्यांना तो नसतोच, पण भारतीय पासपोर्ट तिथल्या देशांतर्गत विमानांना चालतो. तेव्हा सामानात टाकून न देता तो हातातल्या पिशवीत ठेवावा.

मुलांचं राहून जातं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. पाचव्या आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते विनामूल्य होतं. दहावीच्या सुट्टीत हे उरकून घेतलं की पुढच्या प्रवेशांना आणि प्रवासाला तेच कार्ड निर्धास्त वापरता येतं. शंका असली तर आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे.