अबोल अकिता

टोकियोचे प्राध्यापक उएनो १९२५ साली वारले. त्यांचा हाचिको १९३५ पर्यंत, मरेतो, शिबुया स्टेशनवर वाट पाहत राहिला. (आमची वाट विद्यार्थीसुद्धा इतकी पाहत नाहीत!) ही कथा ऐकून पुष्कळांना अकिता पाळावासा वाटतो.

पण हे थोराड जनावर बर्फाळ मुलखातले. अंगावर केसांचा दुहेरी थर. आमच्या सोनपेठच्या मे महिन्यात त्याची धाप थांबायची नाही. पहाटेच फिरवावे, सावली-पाणी सतत हवे. केस मात्र भादरू नयेत.

स्वभाव अबोल, मानी. मारझोडीने बिथरतो. पिल्लू असतानाच माणसांची सवय लावावी. शिकवणी पाच-दहा मिनिटे, आज्ञेचा शब्द घरात सर्वांचा एकच. एवढी सवड नसेल, तर आपले आखूड केसांचे कारवान काय वाईट? पळायला मोकळे रान मात्र त्यालाही लागते.