डिस्टॉर्शन पेडल निवडायचं, तेही सेमाडोहात बसून

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटात शिरला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. हा १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. इथल्या एखाद्या मुलाने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली आणि त्याला डिस्टॉर्शनचं पेडल हवं झालं, तर चार पेडल वाजवून बघण्यासाठी त्याला घाट उतरून अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं. म्हणून तो मोबाइलवर व्हिडिओ बघतो, नाव पक्कं करतो आणि पार्सल मागवतो. व्हिडिओतला आवाज मात्र चांगल्या अ‍ॅम्पमधून, माइकमधून आणि मिक्सिंगमधून फिरून आलेला असतो. पार्सल उघडल्यावर घरी तो आवाज निघत नाही आणि घरच्यांनी काटकसरीतून दिलेले पैसे अडकून पडतात.

ही निराशा टाळता येते. गिटारच्या तारेपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एक साखळी असते आणि पेडल ही तिच्यातली फक्त एक कडी. बाकीच्या कड्या कोणत्या आहेत ते आधी बघावं, मग पेडलचं नाव ठरवावं. नेमक्या याच क्रमाला काही गैरसमज आड येतात.

गैरसमज १ : ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ म्हणजे एकाच गोष्टीचं कमी, मध्यम आणि जास्त प्रमाण.

वस्तुस्थिती : तिन्हींमध्ये ध्वनिलहरीचे माथे कापले जातात, पण कापण्याची रीत वेगळी असते. गिटारच्या पिकअपमधून साधारण ०.१ ते ०.५ व्होल्टचा सिग्नल येतो. पेडलमधली चिप तो कित्येक पटींनी वाढवते आणि डायोड त्याला ठरावीक उंचीच्या वर जाऊ देत नाहीत. सिलिकॉन डायोडची ही मर्यादा ०.६ ते ०.७ व्होल्ट, जर्मेनियमची त्याच्या निम्म्याच्या आसपास, तर एलईडीची दीड व्होल्टच्याही वर.

आयबानेझच्या टीएस८०८ या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये डायोड चिपच्या फीडबॅकच्या वाटेवर बसवलेले आहेत. त्यामुळे कापलेल्या लहरीसोबत मूळ लहरही बाहेर येते आणि कड गोल राहते. पिक हळू मारला की आवाज स्वच्छ, जोरात मारला की खरखरीत. प्रोको कंपनीचं रॅट किंवा बॉसचं डीएस-१ यांत डायोड चिपच्या पुढे, थेट ग्राउंडकडे जोडलेले असतात. तिथे माथा सपाट कापला जातो, आवाज दाट होतो आणि सूर लांबतो. फझमध्ये बहुधा ट्रान्झिस्टरच इतके ताणले जातात की लहर जवळजवळ चौकोनी होते.

फझचा जन्म तर बिघाडातून झाला. अमेरिकेत नॅशविलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू असताना मिक्सिंग कन्सोलमध्ये दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिन यांचा बास गिटारचा तुकडा फाटक्या आवाजात नोंदला गेला. १९६१ साली ते गाणं गाजलं. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज मुद्दाम काढणारं सर्किट रचलं आणि १९६२ मध्ये मेस्ट्रो एफझेड-१ हे पेडल बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ते वाजवल्यावर जगभरातल्या गिटारवादकांना ते हवंसं झालं.

डब्यावरच्या नावावर मात्र फार विसंबू नये. ते नाव कंपनी ठरवते, आणि काही ‘ओव्हरड्राइव्ह’ पेडल काही ‘डिस्टॉर्शन’ पेडलांपेक्षा आक्रमक असतात.

गैरसमज २ : खरा डिस्टॉर्शन मोठ्या आवाजातच मिळतो.

वस्तुस्थिती : व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पपुरतं हे बऱ्याच अंशी खरं होतं. ते अ‍ॅम्प शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय फाटत नसत. पेडलने हीच अडचण सोडवली. पेडलवर गेन आणि लेव्हल असे दोन वेगळे नॉब असतात. लहर किती कापायची ते गेन ठरवतो आणि बाहेर किती आवाज जायचा ते लेव्हल. गेन वर आणि लेव्हल खाली ठेवला तर शेजारच्या खोलीत बोलणं चालू राहील इतक्या हळू आवाजातही दाट डिस्टॉर्शन मिळतो.

सेमाडोहात याला आणखी महत्त्व आहे. भोवती जंगल आहे, त्यात वाघ, अस्वल, रानगवे आहेत. अशा ठिकाणी अ‍ॅम्प मोठा करून वाजवणं योग्य नाही आणि त्याची गरजही नाही. हेडफोनचं भोक असलेला छोटा अ‍ॅम्प आणि एक पेडल एवढ्यावर रोजचा रियाज नीट होतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे घरी हळू आवाजात बास आणि ट्रेबल वाढवून, मिड कमी करून बसवलेला आवाज कार्यक्रमात मोठा केला की खाली गडगडतो, वर टोचतो आणि मधला गिटारचा गाभाच हरवतो. घरचं सेटिंग आणि मंचावरचं सेटिंग वेगळं ठेवावं.

गैरसमज ३ : आवडत्या गिटारवादकाचं पेडल घेतलं की त्याचा आवाज मिळतो.

वस्तुस्थिती : टीएस८०८ चं उदाहरण घेऊ. सुसुमू तामुरा यांनी रचलेलं हे पेडल १९७९ च्या सुमारास जपानमधून आलं. पुढे त्याला जी कीर्ती मिळाली ती बहुतेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या जोडीने. अनेक वादक त्याचा ड्राइव्ह (म्हणजे गेन) कमी आणि लेव्हल जास्त ठेवतात. पेडल स्वतः फार फाटत नाही, पुढच्या अ‍ॅम्पला ढकलतं, आणि व्हॉल्व्ह जेव्हा फाटतात तेव्हा तो गोड आवाज येतो. मेटल वाजवणारेही ते याच कामासाठी लावतात, कारण त्याच्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी गेन मिळतो आणि जाड तारा गिजगिज्या न होता ठसठशीत राहतात.

आता हेच पेडल दहा वॅटच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या स्वच्छ चॅनेलला लावा. ढकलायला पुढे व्हॉल्व्हच नाहीत. आवाज मध्यभागी फुगलेला आणि खाली पातळ लागतो, आणि मुलाला वाटतं की आपल्याला नकली माल मिळाला. पेडल अस्सलच असतं, साखळी वेगळी असते. छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पसाठी स्वतःच्या बळावर पूर्ण आवाज देणारं पेडल घ्यावं. १९७८ चे रॅट आणि डीएस-१ आजही याच कारणाने टिकून आहेत.

गैरसमज ४ : अ‍ॅम्प नसला तरी चालतं, पेडल थेट मिक्सरला लावावं.

वस्तुस्थिती : वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रात, भजनाच्या मंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात गिटारची वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये जाते. स्वच्छ गिटारला ते एक वेळ चालतं. डिस्टॉर्शन लावला की मात्र कानाशी माश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि साउंडवाला पहिलं काम करतो ते गिटार बंद करण्याचं.

याचं कारण स्पीकरमध्ये आहे. लहर कापली की वरचे असंख्य स्वरांश तयार होतात. गिटार अ‍ॅम्पचा १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडत नाही, म्हणजे तो गाळणीचं काम करतो. मंडपातल्या बॉक्समध्ये उंच सुरांसाठी वेगळा हॉर्न असतो. तो सगळं कर्कश बाहेर फेकतो.

यावर उपाय आहे. पेडलनंतर कॅबिनेट सिम्युलेशनची, म्हणजे गिटारच्या स्पीकरसारखं गाळण्याची, सोय हवी. ती स्वतंत्र पेडल म्हणून मिळते, मल्टिइफेक्ट प्रोसेसरमध्ये असते आणि काही छोट्या अ‍ॅम्पच्या हेडफोन किंवा लाइन आउटमध्येही असते. ज्याचं वाजवणं मुख्यतः मिक्सरवरच होणार आहे, त्याने ही सोय आधी बघावी आणि डिस्टॉर्शनचं नाव नंतर.

हाच नियम बेंजोलाही लागू पडतो. विदर्भाच्या धुमालमध्ये आणि मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्टीत वाजणारा पिकअपचा बेंजो हा बुलबुलतरंगाचा विजेवर आलेला भाऊ. बुलबुलतरंगाचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोयात तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. पिकअप चुंबकीय असेल तर गिटारचं पेडल त्याला सरळ जोडता येतं. बेंजोवर बहुतेक एकेरी सुरावट वाजत असल्याने डिस्टॉर्शन त्याला शोभतोही, पण तिथेही पेडल आणि हॉर्नच्या मध्ये ही गाळणी हवी.

गैरसमज ५ : गेन जितका जास्त, तितका आवाज भारी.

वस्तुस्थिती : गेन पूर्ण फिरवला की टीएस८०८ सिग्नल जवळपास ११८ पटींनी वाढवतं. त्यात फक्त सूर वाढत नाहीत. सिंगल कॉइल पिकअपने पकडलेली विजेची ५० हर्ट्झची घरघर, एलईडी दिव्याची आणि इन्व्हर्टरची किरकिर, तारेवरून सरकणाऱ्या बोटाची खसखस, सगळं त्यासोबत वाढतं. शिवाय माथे सपाट झाल्यावर हलका आणि जोराचा आघात यांतला फरक पुसला जातो आणि वाजवणाऱ्याच्या हाताची ओळख राहत नाही.

दुसरी बाजू स्वरमेळाची. डिस्टॉर्शनमध्ये दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २:३. जाड ई तार ८२.४ हर्ट्झची, तिचा पंचम १२३.५ हर्ट्झचा. वजाबाकी ४१ च्या आसपास, म्हणजे बरोबर खालचा ई. म्हणून दोन सुरांची पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये भरदार लागते. त्यात गंधार मिसळला, तोही गिटारच्या पडद्यांवरचा किंचित चढा, की नवे सूर एकमेकांशी भांडू लागतात. सेव्हन्थ कॉर्डचा तर चिखल होतो. मराठी-हिंदी चित्रपटगीतांना साथ करणाऱ्याला पूर्ण कॉर्ड लागतात, म्हणून त्याने कमी गेनचं पेडलच घ्यावं.

ध्वनिमुद्रणातल्या भारी आवाजाचं गमकही बऱ्याचदा वेगळं असतं. तोच तुकडा दोनदा वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेला असतो आणि प्रत्येक गिटारचा गेन आपल्या अंदाजापेक्षा कमी असतो.

गैरसमज ६ : महागडं, ट्रू बायपासचं पेडल म्हणजे हमखास चांगलं.

वस्तुस्थिती : टीएस८०८ मधली ४५५८ ही चिप साधी आणि स्वस्त आहे. १९९४ मध्ये बिल फिनेगन यांनी आणलेलं क्लॉन सेंटॉर आज प्रचंड किमतीला विकलं जातं. त्या किमतीत दुर्मिळतेचा वाटा मोठा आहे. त्याच धर्तीची अनेक पेडल कितीतरी कमी पैशांत मिळतात.

ट्रू बायपासमध्ये पेडल बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता पुढे जातो. पण एक मीटर केबलमागे साधारण १०० पिकोफॅरॅड धारिता साठते आणि वायर लांबली की वरचे सूर गळतात. लांब वायर वापरणाऱ्याला बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं सर्किट, असलेलं पेडल फायद्याचं ठरतं. जुन्या घडणीच्या फझच्या आधी मात्र बफर ठेवू नये, त्याचा स्वभावच बिघडतो.

आपल्याकडेही चांगली पेडल घडतात. मुंबईची ‘अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन’ ही कंपनी स्वतःच्या रचनेची फझ आणि डिस्टॉर्शन पेडल बनवते. परदेशी शिक्का नसलेल्या पेडलांकडे दुर्लक्ष करू नये.

गैरसमज ७ : ९ व्होल्ट लिहिलेला कुठलाही अडॅप्टर चालतो.

वस्तुस्थिती : बहुतेक पेडलांना मध्ये ऋण आणि बाहेर धन अशी पिन लागते. घरातले इतर अडॅप्टर बरेचदा याच्या उलट असतात. उलटा लावला तर पेडल जळूही शकतं. पेडलवरची छोटी खूण आणि अडॅप्टरवरची खूण जुळवूनच पिन घालावी.

जिथे लाइट जाते आणि व्होल्टेज वरखाली होतो, तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी उत्तम. साधं अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलिअँपिअर घेतं, त्यामुळे एक अल्कलाइन बॅटरी कित्येक तास पुरते आणि अडॅप्टरमधून येणारी घरघरही टळते. वाजवून झालं की इनपुटची वायर काढून ठेवावी, कारण वायर लावलेली असेपर्यंत पेडल बंद दिसलं तरी बॅटरी खर्च होत राहते. डिजिटल पेडल मात्र शंभर मिलिअँपिअर किंवा जास्तही मागतात, आणि काहींमध्ये बॅटरीची जागाच नसते.

मग निवड कशी करावी?

कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. गिटारचा पिकअप सिंगल कॉइल की हंबकर. पुढे काय आहे : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, छोटा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, हेडफोन की मिक्सर. वाजवायचं काय : पूर्ण कॉर्ड, पॉवर कॉर्ड की एकेरी सुरावट. वीज कुठून येणार. या चार उत्तरांतच निम्मी पेडल बाद होतात.

सेमाडोहातल्या नवशिक्यासाठी माझा सल्ला असा : बॅटरीवर चालणारं, टोनचा नॉब असलेलं, कमी गेनवरही नीट वाजणारं साधं अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन घ्यावं आणि हेडफोनची सोय असलेला छोटा अ‍ॅम्प जोडीला ठेवावा. बहुतेक वाजवणं मंडपात होणार असेल तर कॅबिनेट सिम्युलेशन असलेला साधा मल्टिइफेक्ट जास्त उपयोगी. वापरलेलं पेडल मिळालं तर बिनधास्त बघावं, फक्त परत करण्याची मुदत विचारून घ्यावी. घरी आल्यावर सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करावी, एका वेळी एकच नॉब फिरवावा आणि गिटारवरचा व्हॉल्यूमही कमी-जास्त करून बघावा. गिटारचा व्हॉल्यूम उतरवल्यावर जे पेडल स्वच्छ होतं आणि चढवल्यावर गर्जतं, ते तुमचा हात ऐकतंय असं समजावं आणि तेच ठेवून घ्यावं.